500 दिसला की सर्व्हरला शिव्या

संपादक महोदय,
वेब सर्व्हिसचा कॉल (एका प्रोग्रामने नेटवरून दुसऱ्याकडे केलेली मागणी) फसला की आपण आधी सर्व्हरवाल्यांच्या नावाने बोंब मारतो, मीही तेच केलं, 500 (सर्व्हरमध्ये चूक झाल्याचा एचटीटीपी कोड) आला होता ना. पण सोप 1.1 मध्ये (असे कॉल एक्सएमएल मजकुरातून करायची पद्धत) फॉल्ट, म्हणजे चूक कळवणारा निरोप, चूक कोणाचीही असो, 500 घेऊनच येतो, खरं कारण आत फॉल्टस्ट्रिंग नावाच्या मजकुरात असतं आणि आमच्या कॅच ब्लॉकमध्ये (चूक झाली की चालणारा कोड) नुसतं 'एरर आला' एवढंच लॉग होत होतं. आम्ही पाठवलेली रक्कम डीबगरमध्ये (कोड थांबवून आतल्या व्हॅल्यू बघायचं साधन) दिसतेय, तरी सर्व्हर म्हणतो रक्कम नाही! दोन दिवस गेले. शेवटी फिडलर (नेटवरून काय जातं-येतं ते दाखवणारं टूल) लावून जाणारं एक्सएमएल पाहिलं तर रकमेचा टॅगच गायब, कारण मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटच्या प्रॉक्सीत (सर्व्हिसला कॉल करणारा, आपोआप तयार झालेला कोड) ऑप्शनल आकड्याशेजारी 'स्पेसिफाइड' नावाचा बुलियन (ट्रू किंवा फॉल्स) असतो, तो ट्रू केला नाही तर व्हॅल्यू जातच नाही. सर्व्हरवाल्यांची माफी मागितली, ते हसले फक्त.
– एक प्रोग्रामर