विद्यापीठाचे सार्वजनिक कार्यक्रम लावताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

येत्या सत्रातल्या सार्वजनिक कार्यक्रमांची जबाबदारी तुझ्या गळ्यात पडली, त्याबद्दल अभिनंदन करू की सहानुभूती दाखवू, हे ठरत नाहीये. यादी वाचली. आठ व्याख्यानं, दोन मैफली, एक नाटक, एक चित्रप्रदर्शन आणि परिसरातल्या लोकांसाठी दोन खुले दिवस. विषय उत्तम आहेत, पण चौदा फार झाले. नऊ-दहावर ये. प्रत्येक कार्यक्रमाला तोच ध्वनितंत्रज्ञ, तेच स्वयंसेवक आणि तोच हॉल लागतो. सत्राच्या शेवटी परीक्षा आल्या की स्वयंसेवक आधी गळतात आणि मग प्रेक्षकही.

यादी कापताना एकच कसोटी लाव. विद्यापीठाशी काडीचाही संबंध नसलेला माणूस पहिल्यांदाच आवारात आला, तर त्याला हा कार्यक्रम सापडेल का, नीट ऐकू येईल का आणि एखादा प्रश्न विचारता येईल का? विभागातले लोक कसेही येतातच. ‘सर्वांना खुला’ हे शब्द खरे ठरतात ते या बाहेरच्या माणसामुळे.

सापडण्यापासून सुरुवात करू. घोषणेत वार आणि तारीख दोन्ही दे, आणि ती जुळतात का हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. मागच्या वर्षीची फाइल उघडून तीच बदलली की वार हमखास चुकतो, आणि अर्धे लोक वाराप्रमाणे येतात, अर्धे तारखेप्रमाणे. सभागृहाचं नुसतं नाव बाहेरच्याला काही सांगत नाही. कुठल्या फाटकातून यायचं, कुठली इमारत, कितवा मजला, लिफ्ट आहे का, हे लिही. दरवाजे कधी उघडतील, भाषण कधी सुरू होईल आणि अंदाजे कधी संपेल, या तीन वेळा वेगळ्या दे. शेवटची बस गाठायची असलेला माणूस तिसरी वेळ बघूनच यायचं की नाही ते ठरवतो. भाषणाची भाषा, प्रवेश मोफत की सशुल्क, नावनोंदणी हवी का, आणि उत्तर देणारं माणूस असलेला एक फोन नंबर. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला त्या दिवशीचा कागद छापून दे. त्यालाच माहीत नसेल तर बाकी सगळी जाहिरात फाटकाबाहेर राहते.

वक्त्याला आठ-दहा आठवडे आधी लिही. पत्रात श्रोते कोण, बोलायला किती वेळ (चाळीस मिनिटं भाषण, वीस मिनिटं प्रश्न), चित्रीकरण होणार का, मानधन किती आणि प्रवासखर्च कोण कधी देणार, हे स्पष्ट असू दे. शीर्षक आणि शंभर शब्दांचा सारांश हातात आल्याशिवाय पोस्टर छापायला टाकू नको. बहुतेक अभ्यासक शोधनिबंधाचं शीर्षक तसंच पाठवतात. तो सारांश त्या विषयातल्या नसलेल्या माणसाला वाचायला दे. त्याला तो कळला नाही तर भाषणही कळणार नाही. मग वक्त्याशी आत्ताच बोल, ते मंचावर चढल्यावर काही करता येत नाही.

मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा येत नाही असं धरूनच चाल, पावसाच्या दिवशी निम्मे. म्हणून शंभर जागांच्या हॉलला सव्वाशे नावं घ्यायला हरकत नाही. मात्र आदल्या दिवशी आठवण पाठव आणि ‘सुरू होण्याआधी दहा मिनिटं रिकाम्या जागा इतरांना दिल्या जातील’ असं नोंदणीच्या वेळीच सांग. सगळेच आले तर? हॉलच्या मंजूर क्षमतेपुढे एकही माणूस आत नाही, आणि पायऱ्यांवर, वाटेत तर मुळीच नाही. आग लागली की त्याच वाटा लागतात. शेजारच्या खोलीत पडदा लावून ठेव.

ऐंशी माणसं शंभरच्या हॉलमध्ये गर्दी वाटतात आणि तीनशेच्या हॉलमध्ये फजिती. मोठाच हॉल मिळाला असेल तर मागच्या रांगा दोरीने बंद कर, फक्त दाराजवळच्या चार-सहा खुर्च्या उशिरा येणाऱ्यांसाठी सोड. आणि हॉलचं आरक्षण भाषणाच्या वेळेपुरतं करू नको. सहाचं भाषण असेल तर साडेतीनपासून घे. सहापर्यंत तिथे तास चालू असेल तर माईक तपासायचा कधी?

आता आवाज. इथे जरा रेंगाळतो, कारण कार्यक्रम सगळ्यात जास्त इथेच बुडतात. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि त्यात वक्त्याचं बोलणंच कळेना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, तेवढ्यात वक्ता पुढची दहा-पंधरा अक्षरं बोलून गेलेला असे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री आणून हॉलमध्ये पसरल्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि पहाटेआधी गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि हॉलमधल्या एकूण ध्वनिशोषणाने (भिंती, खुर्च्या, माणसं मिळून किती आवाज शोषतात, त्याने) भागायचं. आवाज विरायला किती सेकंद लागतील, ते उत्तरात येतं. भाषणाला हा आकडा एक सेकंदाच्या आत हवा. वाद्यवृंदाला मात्र दीड ते दोन सेकंद घुमणारा हॉल गोड लागतो. म्हणून भाषणाला उत्तम असलेल्या तुझ्या हॉलमध्ये मैफल कोरडी वाटेल, आणि उंच छताच्या दगडी दालनात मैफल रंगेल पण भाषणाचा लगदा होईल. दोन्ही एकाच ठिकाणी लावायचा हट्ट सोड.

यातून आणखी एक गोष्ट निघते. माणसं स्वतः आवाज शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये तपासलेला आवाज भरल्या हॉलमध्ये वेगळा लागतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं एका स्वयंसेवकाला शेवटच्या रांगेत बसव आणि हाताच्या खुणेने तंत्रज्ञाला कळवायला सांग. ‘माझा आवाज पोचतो, माईक नको’ असं म्हणणारा वक्ता भेटेलच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हॉलमध्ये भिंती थोडी मदत करतात पण अक्षरं धूसर होतात. त्याहून मोठं कारण म्हणजे श्रवणयंत्र लावणाऱ्यांसाठी हॉलमध्ये जो इंडक्शन लूप (आवाज थेट त्यांच्या यंत्रात पोचवणारी तारेची सोय) असतो, त्यात फक्त माईकमधला आवाज जातो. माईक नाही तर त्यांना काहीच नाही, आणि चित्रफितीतही काही नाही. हे कारण सांगितलं की कुणी हट्ट करत नाही.

कॉलरचा माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव. वक्ता पडद्याकडे ज्या बाजूला मान वळवणार, माईक त्या बाजूला. गळ्यातली माळ, स्कार्फ किंवा ओळखपत्राची दोरी त्याला घासली की सगळ्या हॉलभर खरखर ऐकू येते. सेल दर कार्यक्रमाला नवे. शिट्टी वाजायला लागली तर बहुधा कुणीतरी माईक घेऊन स्पीकरच्या पुढे गेलेलं असतं, किंवा माईकची जाळी मुठीत धरलेली असते. आवाज वाढवून ती थांबत नाही.

पडद्याचं थोडक्यात. सपाट जमिनीच्या हॉलमध्ये स्लाइडचा खालचा तिसरा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो, तेव्हा महत्त्वाचं काही तळाशी नको. फाइल आदल्या दिवशी मागव, सोबत पीडीएफही, कारण दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला की देवनागरीची जोडाक्षरं फुटतात. व्हिडिओ असेल तर त्याचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून येतो का ते वक्त्यासमोर वाजवून बघ.

प्रश्नोत्तरांना तुझ्या यादीत दहा मिनिटं आहेत. ती वीस कर आणि परिचय-स्वागत-आभार मिळून पाच मिनिटांत बसव. विद्यापीठाबाहेर व्याख्यानं नेण्याची चळवळ केंब्रिजने १८७३ साली अधिकृतपणे हाती घेतली, ती तिथल्याच जेम्स स्टुअर्ट या अध्यापकाच्या खटपटीमुळे. त्याआधी इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या कामगारांपुढे त्याची व्याख्यानं चालू होती. एकदा घाई होती म्हणून त्याने आकृत्या भिंतीवरच टांगून ठेवल्या. त्या आठवड्यात लोकांनी त्या आकृत्यांवर आपापसांत चर्चा केली आणि पुढच्या वेळी भाषणाआधी अर्धा तास प्रश्न घेऊन हजर झाले. लोकांना प्रश्न असतात, विचारायला जागा नसते. तू एवढं कर: दारातच कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल दे, बोलायला बिचकणारे लिहून देतील. दोन बाजूंना दोन स्वयंसेवक माईक घेऊन उभे राहू देत, पण त्यांनी माईक हातातून सोडायचा नाही. पाहुण्याच्या हातात गेला की भाषण सुरू होतं. अध्यक्षाने एक प्रश्न खिशात ठेवावा, पहिली शांतता फार लांबू नये म्हणून.

प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ दे, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांचा विचार केलास तर थोडा खाली. जलरंग, छापचित्रं, कापड यांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साचत जातं, म्हणून ‘उद्घाटनापुरते’ प्रखर दिवे लावणाऱ्यांना नम्रपणे हाकल. मैफलीला पियानो असेल तर तो जागेवर ठेवल्यावर, त्याच दिवशी सुरात लावून घे. हलवला की उतरतो. नाटकवाल्यांकडून दिव्यांची, मंचाच्या मापाची आणि वीजभाराची यादी महिनाभर आधी माग. नाटक, संगीत, चित्रपट यांच्या जाहीर प्रयोगाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. संहिता विकत घेतली किंवा चित्रपट घरी बघायला मिळाला, म्हणजे तो हक्क मिळाला असं होत नाही.

खुल्या दिवसांबद्दल एवढंच, की वेळ तू ठरवू नको. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या पाच-सहा जणांना आधी विचार. मुलांच्या कार्यशाळेत एका टेबलाला सहा-सात मुलं आणि एक मोठं माणूस, आणि फोटोसाठी पालकांची लेखी संमती दारातच.

चित्रीकरणाचंही तसंच. वक्त्याची संमती लेखी, आणि स्लाइडमधली दुसऱ्यांची चित्रं प्रसारित करता येतात का हे त्यालाच विचार. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं विशेषनामं आणि पारिभाषिक शब्द हमखास चुकवतात. टाकण्याआधी एका जाणकाराने ती वाचायला हवीत.

कार्यक्रम रद्द करायची वेळ आली तर जिथे जिथे घोषणा टाकलीस तिथे तिथे ती बदलावी लागेल, म्हणून टाकतानाच ठिकाणांची यादी ठेव. तरीही काही लोक येतीलच. दारावर नुसता कागद नको, अर्धा तास एक माणूस उभा कर.

आता मला दोन गोष्टी पाठव: छोट्या आणि मोठ्या हॉलची लांबी-रुंदी-उंची, आणि खुर्च्या गादीच्या आहेत की लाकडी ते. सॅबिनचं गणित मांडून कुठला कार्यक्रम कुठे लावायचा ते आठवड्याच्या आत कळवतो. तोवर पोस्टर छापायला देऊ नको.

तुझा,
जुना मित्र