मजकूर दिसतो, पण सापडत नाही

संपादक महोदय,

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून, इंटरनेटवर मराठी मजकूर फार कमी आहे आणि तो वाढला पाहिजे, असे सभा-संमेलनांतून वारंवार सांगितले जाते. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केल्यावर आणि निवृत्तीनंतर मराठी विकिपीडियावर हौसेने लेखन करू लागल्यावर माझे मत थोडे वेगळे झाले आहे. मजकूर कमी आहे हे खरेच. पण जो लिहून, जुळवून, तपासून कधीच तयार झाला आहे, त्यातला बराचसा भाग आपण संगणकाला वाचताच येणार नाही अशा रूपात ठेवून दिला आहे, आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही.

आमच्या वाचनालयाने १९९७ साली एक स्मरणिका काढली होती. १९७२ च्या दुष्काळात कामांवर जाऊन खडी फोडलेल्या बायाबापड्यांच्या आठवणी तिच्यात आहेत. सुकडी कशी वाटली जाई, लाल मिलोच्या भाकरी घशाखाली कशा उतरत नसत, तान्ह्या मुलांना झाडाखाली ठेवून आया माती कशी वाहत, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले होते. जुळणी गावातल्याच डीटीपी केंद्रात झाली आणि फायली आम्ही फ्लॉपींवर जपून ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी त्या नव्या संगणकावर घेऊन उघडल्या, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे आणि अनोळखी चिन्हे यांच्या रांगा उमटल्या. जुळणीचे सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्लीसारखी छोटी वस्तू, लावल्याशिवाय चालत नसे. केंद्र बंद झाले, डोंगल हरवले, आणि फायली शाबूत असूनही आठवणी आमच्या हाती लागल्या नाहीत.

असे का झाले, हे समजायला अवघड नाही. त्या काळातील बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून तयार केलेले होते. संगणकाच्या लेखी तेथे मराठी नव्हतीच, आणि प्रत्येक कंपनीने केलेली मांडणीही निराळी होती. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, आणि तो भारतीय लिप्यांसाठी आपल्याच देशात घडलेल्या इस्की या मानकाच्या आधारे आखला गेला होता. विंडोज २००० पासून साध्या संगणकावरही युनिकोडमधून मराठी लिहिता येऊ लागली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच सोयीमुळे. तेव्हा आमच्या १९९७ च्या चुकीला निदान अज्ञानाची सबब आहे. आज तीच चूक करणाऱ्यांना ती देता येणार नाही.

आज ही चूक दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार सर्वांच्या पाहण्यातला आहे. कार्यालयात युनिकोडमधून उत्तम मराठी मजकूर टंकित केला जातो, मग त्याचा कागद काढून त्यावर सही-शिक्का होतो, तो कागद स्कॅन केला जातो आणि ते छायाचित्र संकेतस्थळावर चढवले जाते. ज्या फाईलमध्ये अक्षरे होती ती कपाटात राहते आणि लोकांना मिळते ते अक्षरांचे चित्र. दुसरा प्रकार सहज लक्षात येत नाही. थेट तयार केलेल्या पीडीएफमध्येही मुळात अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात, आणि कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर याची नोंद नीट झालेली नसेल, तर मजकूर उचलताना किंवा शोधताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीचे वेगळे अक्षर बनून बसते आणि जोडाक्षरे फुटतात किंवा गळून जातात. डोळ्यांना ‘सिंचन’ हा शब्द स्वच्छ दिसत असतो, पण शोधखिडकीत तोच शब्द लिहिला तर काही सापडत नाही. याची परीक्षा कोणालाही करता येईल: एखाद्या शासकीय पीडीएफमधील दोन ओळी उचलून कोऱ्या फाईलमध्ये चिकटवाव्यात आणि काय उमटते ते पाहावे.

येथे एक लहानसा, पण खास मराठीचा प्रश्न सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येतो, आणि ‘ॲ’चेही तसेच आहे. दोन्ही प्रकार दिसतात सारखे, पण साधा शोध त्यांना वेगळे शब्द मानतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली. कळफलकावरील हा दुहेरीपणा मिटवण्याचे कामही तितक्याच अधिकाराने व्हायला हवे.

याची सर्वांत मोठी किंमत दृष्टिहीन वाचक मोजतात. एनव्हीडीएसारखे मोफत सॉफ्टवेअर त्यांना पडद्यावरील मराठी वाचून दाखवू शकते, पण स्कॅन केलेल्या पानापुढे तेही गप्प बसते. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने स्थानिक भाषेत आणि शक्य तेथे इलेक्ट्रॉनिक रूपात सहज मिळेल अशी माहिती देण्यास २००५ मध्येच सांगितले आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने त्यात सुगमतेची भर घातली आहे. केंद्राचा ‘भाषिणी’ प्रकल्प भारतीय भाषांतील यंत्रानुवादासाठी जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. त्यालाही मराठी हवी आहे ती अक्षरांची, चित्रांची नव्हे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. शासनाच्या आणि अनुदानित संस्थांच्या प्रत्येक छपाई कंत्राटात, युनिकोडमधील मूळ मजकुराची फाईल सुपूर्द केल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, अशी एक अट घालावी. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार शासकीय प्रकाशनांवरील हक्क ६० वर्षे टिकतो. लोकांच्या पैशातून तयार झालेले कोश आणि गॅझेटियर इतका काळ अडकून राहू नयेत म्हणून ते मुक्त परवान्याने खुले करावेत. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेले अंक ज्या वृत्तपत्रांच्या संग्रहात पडून आहेत, त्यांनीही ते रूपांतरित करून घेण्याचा विचार करावा, ही आपल्यालाही विनंती.

आमची स्मरणिका आता वाचनालयातील दोन विद्यार्थिनी छापील प्रतीवरून पुन्हा टंकित करत आहेत. एकच प्रत उरली आहे आणि तिच्या काही पानांना वाळवी लागली आहे. ज्यांनी त्या आठवणी सांगितल्या त्यांच्यापैकी कोणी आता हयात नाही, त्यामुळे गेलेल्या ओळींच्या जागी आम्ही टिंबे देत आहोत.

— एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा