बाबांनी मुलांना होकार द्यावा म्हणून

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

हा विषय निघाला की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि ओसरीवर निघून जातात, म्हणून या वेळी पत्र लिहीत आहे. आई, तू ते त्यांना जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखव.

विषय अर्थातच बाबांनी फुटबॉल शिकवलेल्या मंडळाच्या मुलांचा आहे. संक्रांतीनंतरच्या फुटबॉल सामन्यांमध्ये, अंतिम सामन्याच्या अकराव्या मिनिटाला, सगळ्या मैदानाने उभे राहून आजारी बाबांसाठी मिनिटभर टाळ्या वाजवायच्या असे त्यांनी ठरवले, कारण बाबांची जर्सी अकरा नंबरची होती, आणि बाबांनी “मी अजून जिवंत आहे, माझी शोकसभा कशाला भरवता?” असे म्हणून त्यांना दारातूनच परत लावले. बाबा, तुमचा राग मला समजतो. आपल्याकडे चौकात माणसाचा मोठा फोटो लागतो तो एक तर वाढदिवसाला, नाही तर भावपूर्ण श्रद्धांजलीला, आणि मुलांच्या पहिल्या बेतात फ्लेक्सही होता. तो मी रद्द करायला लावला आहे. टाळ्यांचे मात्र मला पटले, आणि का पटले ते सविस्तर सांगते.

इंग्लंडमधील ॲस्टन व्हिला क्लबचा कर्णधार स्टिलियन पेट्रोव्ह हा मूळचा बल्गेरियाचा. मार्च २०१२ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर त्याला ताप आला, तपासण्या झाल्या आणि ल्युकेमिया निघाला, म्हणजे तुमच्यासारखाच रक्ताचा कॅन्सर. ती बातमी बाहेर आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी घरच्या मैदानावर चेल्सीशी सामना होता. पेट्रोव्हचा नंबर १९, म्हणून एकोणिसाव्या मिनिटाला प्रेक्षक उठले आणि साठ सेकंद टाळ्या वाजवत राहिले, आणि तो स्वतः प्रेक्षागृहात बसून हे पाहत होता. खेळ थांबला नाही, भाषण झाले नाही, आणि व्हिला तो सामना ४-२ असा हरले, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. पुढच्या हंगामातही एकोणिसावे मिनिट आले की लोक उठत असत. ऑगस्ट २०१२ मध्ये आजार आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. मे २०१३ मध्ये त्याने खेळातून निवृत्ती घेतली. त्याला बरे केले ते केमोथेरपीने, टाळ्यांनी पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, आणि मंडळाच्या पोरांचाही तसा काही दावा नाही.

तुमचा खरा आक्षेप मला वाटते वेगळाच आहे: लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहू नये. त्यासाठी ख्रिश्चन एरिक्सनचे उदाहरण आठवा. तो सामना आपण दोघांनी घरीच टीव्हीवर पाहिला होता. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात त्याचे हृदय बंद पडले आणि तो मैदानावरच कोसळला. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, पण तोंडे बाहेर आणि पाठ त्याच्याकडे करून, म्हणजे कॅमेऱ्याला तो दिसू नये. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, “पोरांना कुणी शिकवलं हे?” त्याच वेळी गॅलरीत फिनलंडचे प्रेक्षक “ख्रिश्चन” म्हणून ओरडत आणि डेन्मार्कचे “एरिक्सन” म्हणून त्यांना उत्तर देत. पाच दिवसांनी त्याच मैदानावर बेल्जियमशी सामना झाला, तेव्हा एरिक्सनचा नंबर १० म्हणून दहाव्या मिनिटाला बेल्जियमच्या खेळाडूंनी बॉल मुद्दाम बाहेर घालवला आणि दोन्ही संघांनी व सगळ्या स्टेडियमने मिनिटभर टाळ्या वाजवल्या. एरिक्सन तेव्हा जवळच्याच दवाखान्यात होता. त्याला कुणी मैदानावर आणून उभे केले नाही. तुम्हालाही कुणी आणणार नाही. मुलांना मी तसे बजावले आहे.

आणि आई, सध्या घरी काय चालले आहे ते तूच मला रोज सांगतेस. केमोनंतर बाबांच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, संसर्ग होऊ नये म्हणून गर्दी टाळा असे नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, तरी माणसे येतात, खाटेच्या कडेला बसतात, खोकतात, अमक्या गावच्या काढ्याचे गुण सांगतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत. त्यांना नाही म्हणणे तुला जमत नाही. त्या लोकांची माया खरी आहे, पण तिला घराबाहेर एखादी जागा करून दिली नाही तर ती घरातच येणार. ती जागा मैदान असावी असे मला वाटते. आपल्या ओसरीपासून मैदान लांब नाही, मध्ये फक्त पऱ्हाटीचे एक वावर आहे, ज्यात बाबांनी शिकवलेल्या प्रत्येक पोराने निदान एकदा तरी बॉल शोधला असेल.

दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे. बाबांना पुन्हा प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, लागू शकतात आणि त्या दात्याच्या रक्तातून काढल्यावर पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे आधीच साठवून ठेवता येत नाहीत. ऐन वेळी नागपूरला येऊ शकणारा धडधाकट माणूसच लागतो. मुलांनी रक्तगटांसह नावांची वही केली आहे. त्या वहीत पलीकडच्या गावच्या संघातली नावेही आहेत, ज्यांच्या प्रशिक्षकाशी बाबांचा ऑफसाइडवरून जन्मभराचा वाद आहे. आमच्या पोरांनीही उभे राहायचे का, असे त्याने स्वतः फोन करून विचारले. त्याला नाही म्हणायचे असेल तर बाबा, ते तुम्हीच सांगा, मला नाही जमायचे.

मुलांनी माझ्या अटी मान्य केल्या आहेत: फ्लेक्स नाही, माइकवरून आजाराचा उल्लेख नाही, सरपंचांचे भाषण नाही, सत्काराची शाल तर नाहीच. टाळ्या सुरू असताना खेळ थांबणार नाही. सामन्याच्या आधी नागपूरची तारीख आहेच. त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टवरून, मास्क लावून थोडा वेळ मैदानाच्या कडेला बसता येईल का, हे आई, तू डॉक्टरांनाच विचार. ते नाही म्हणाले तर ओसरीवरच बसायचे, त्यावर वाद नको.

सामन्यांचे पत्रक रविवारी छापायला जाणार आहे. त्याआधी बाबांनी कप्तानाला बोलावून स्वतःच्या तोंडाने काय ते सांगावे, आणि तो आला की त्याला दारात उभे न करता, अंतर ठेवून का होईना, ओसरीवर बसू द्यावे.

तुमची लेक