अण्णांच्या घड्याळाविषयी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सासऱ्यांनी लग्नात दिलेले स्विस घड्याळ दिवसाला दहा मिनिटे मागे पडू लागले आहे, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावे की नाही, असे तू विचारले आहेस. दीड वर्षापूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे होता आणि तेव्हा तो मी कोणालाच विचारला नाही, याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या अण्णांचे घड्याळ तू पाहिले आहेस. १९७८ साली कुवेतला नोकरीवर असताना त्यांनी पगारातून पैसे साठवून ते घेतले, आणि रत्नागिरीला परतल्यावरही स्नानाची वेळ सोडली तर ते त्यांच्या मनगटावरून सहसा उतरले नाही. अंधारात चमकावेत म्हणून तबकडीवर लावलेले ठिपके कालांतराने सायीसारखे पिवळसर झाले होते. त्या काळी या ठिपक्यांत ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरीत. ते सुमारे बारा वर्षांत निम्मे उरते, त्यामुळे चमक केव्हाच संपली होती, पण तो पिवळसरपणा अण्णांच्या मनगटावर आलेला होता. मागच्या झाकणावर त्यांनी आपली आद्याक्षरे कोरून घेतली होती.

अण्णा गेल्यानंतर ते घड्याळ चार वर्षे कपाटात राहिले. पुढे चावी दिली तरी तासाभरात थांबू लागले, तेव्हा मी ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेले. तिथे अंदाजपत्रक मिळाले बासष्ट हजार रुपयांचे. केवळ बिघडलेला भाग दुरुस्त करून मिळणार नाही, संपूर्ण सर्व्हिसिंग घ्यावे लागेल, अन्यथा घड्याळ तसेच परत न्यावे, असे सांगण्यात आले. यामागचे यांत्रिक कारण मला मान्य आहे. असे घड्याळ तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा. आतले तेल वाळले की धातूवर धातू घासू लागतो, आणि एकच चाक बदलून बाकीची तशीच कोरडी ठेवण्यात अर्थ नसतो. परंतु त्याच कागदावर ‘केस रिफिनिशिंग’, म्हणजे घड्याळाचे धातूचे कवच पुन्हा घासून-चमकवून देणे, आणि ‘तबकडी व काटे, आवश्यकतेनुसार’ अशाही दोन ओळी होत्या. तबकडीला हात लावू नका, असे मी काउंटरवरील मुलीला दोनदा बजावले. तिने मान डोलावली, मी सही केली आणि निघालो. माझे ते वाक्य कागदावर उतरले नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

सहा आठवड्यांचा वायदा होता. लागले सात महिने. घड्याळ आधी मुंबईला आणि तिथून स्वित्झर्लंडला गेले. दर वेळी फोनवर नवीन माणूस भेटे आणि मला पहिल्यापासून सगळे सांगावे लागे. ‘सुट्या भागाची वाट पाहत आहोत’ हे उत्तर मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. कोणता भाग, हे मात्र शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही.

अखेर घड्याळ हाती आले तेव्हा मी ते पेटीतून काढून पुन्हा पेटीत ठेवले, कारण क्षणभर मला ते दुसऱ्याचेच वाटले. तबकडी कोरी करकरीत पांढरी, काटे नवे, आणि केसच्या कडा, ज्या एके काळी बोटाला टोचत, त्या पॉलिश करून गोल केलेल्या. झाकणावरची अण्णांची अक्षरे इतकी पुसट झाली आहेत की उजेडात तिरपे धरल्याशिवाय दिसत नाहीत. जुनी तबकडी मागितली, तर बदललेले भाग परत न करण्याचे कंपनीचे धोरण आहे, असे उत्तर मिळाले. मित्रा, ती तबकडी माझी होती. त्यांनी ती मला न विचारता काढली आणि ठेवून घेतली. पॉलिशने गेलेली धातू तर कोणीच परत देऊ शकत नाही. मला बासष्ट हजारांचे दुःख नाही.

एवढ्यावरही संपले नाही. नवव्या दिवशी घड्याळ रोज जवळपास मिनिटभर पुढे जाऊ लागले. सेंटरने पुन्हा आठ आठवडे मागितले. तेव्हा मी ते पेठेतल्या आपल्या जुन्या घड्याळजींकडे नेले. त्यांनी ते उघडले नाही; उघडले असते तर दोन वर्षांची वॉरंटी गेली असती. त्यांनी फक्त एक होकायंत्र घड्याळाजवळ धरले आणि सुई हलली. आतली हेअरस्प्रिंग, म्हणजे ठोक्यांची लय राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, चुंबकित झाली होती आणि म्हणूनच घड्याळ पुढे जात होते. एका लहान यंत्रावर त्यांनी ते चुंबकत्व अर्ध्या मिनिटात उतरवले आणि पैसे घेण्यास नकार दिला.

सर्व्हिसिंगही तुम्हीच का करत नाही, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, हात आहेत, भाग नाहीत. अनेक बड्या कंपन्या सुटे भाग केवळ अधिकृत दुरुस्तीकारांनाच देतात. युरोपातील घड्याळजींच्या संघटनेने याविरुद्ध २००४ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती. ती २०१४ मध्ये अखेर फेटाळली गेली आणि २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, पण त्यासाठी निवडलेली चार क्षेत्रे म्हणजे शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने. घड्याळ त्यात नाही. ज्याच्या हातात कसब आहे त्याला स्प्रिंग मिळू नये आणि ज्याच्याकडे स्प्रिंग आहे त्याने ग्राहकाचे ऐकू नये, हा मला उघड अन्याय वाटतो.

मी जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याचे ठरवले आहे. २०१९ च्या कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. अडचण एकच आहे: माझी सही असलेल्या कागदावर ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द आहे, आणि माझे तोंडी सांगणे कुठेच नाही.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, सेंटरमध्ये जाण्याआधी घड्याळाचे चारी बाजूंनी फोटो काढ, झाकणावरच्या क्रमांकासह. पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, जो भाग बदलणे अटळ असेल तो आधी कळवून बदलावा आणि जुना परत द्यावा, हे त्यांच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिही आणि त्याखाली त्यांची सही व शिक्का घे. त्यांनी नकार दिला, तर घड्याळ घेऊन तिथून उठ.

त्याही आधी एकदा ते घेऊन इकडे ये. दहा मिनिटे मागे पडणे म्हणजे बहुधा तेल वाळले असावे, असे घड्याळजींचे म्हणणे आहे, पण पाहिल्याशिवाय ते खात्रीने सांगणार नाहीत. सोमवारी त्यांचे दुकान बंद असते, तेव्हा शनिवारी निघालास तर बरे. वहिनींना नमस्कार.

तुझाच स्नेहांकित