चित्रे दिसली की बालविभाग?

महोदय,

भुताखेतांची कॉमिक्स वाचनालयांतून काढून टाकावीत, अशी मागणी करणारे एका पालकांचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. लहान मुलीच्या हाती असे पुस्तक पडल्याची त्यांची तक्रार रास्त आहे. सुचवलेला उपाय मात्र पटत नाही.

अमेरिकेत तो करून झाला आहे. १९५४ साली तेथील प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि व्हॅम्पायर, चालती प्रेते, लांडग्याचे रूप घेणारी माणसे यांना कॉमिक्समधून हद्दपार केले. १९७१ मध्ये ती सैल करावी लागली. पुढे १९८४ पासून 'स्वॅम्प थिंग' हे कॉमिक तर त्या संहितेच्या मंजुरीच्या शिक्क्याविनाच निघू लागले. म्हणूनच १९८५-८६ मध्ये ब्रिटिश लेखक ॲलन मूर यांना त्यात 'अमेरिकन गॉथिक' ही कथामालिका लिहिता आली. दलदलीतल्या वनस्पतींचा देह असलेला हा महानायक जॉन कॉन्स्टंटाइन या बेरकी मांत्रिकाच्या सांगण्यावरून गावोगाव जातो आणि त्याला जे भूत भेटते, ते बहुधा त्या समाजाचेच जुने पाप असते. लुइझियानातील एका मळ्यावर दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण चालू असताना तेथे पुरलेले गुलाम मातीतून उठतात आणि त्यांतला एक शेवटी चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीत नोकरीला लागतो, तेव्हा हसावे की शहारावे ते कळत नाही. आदिम अंधाराशी होणारा अखेरचा सामनाही मनगटाच्या जोरावर सुटत नाही. वाईट कशासाठी असते या प्रश्नावर, कुजण्यातूनच मुळांना पोषण मिळते, असे उत्तर नायकाला सापडते.

हे दहा वर्षांच्या मुलासाठी नाही, हे उघड आहे. पण नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा कोणी बालविभागात ठेवत नाही. पानावर चित्र दिसले की मात्र पुस्तक थेट चाचा चौधरींच्या शेजारी जाऊन बसते. (ठेवणाऱ्याने दोन पाने उलटली असती, तरी हे टळले असते.)

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या नाशिकला प्रौढांच्या चित्रकादंबऱ्यांसाठी एक वेगळे कपाट जड नाही. शहरातील सर्वच वाचनालयांनी ही पुस्तके प्रौढ सभासदांच्या कार्डावरच द्यावीत आणि नोंदवहीत 'बालवाङ्मय' असा सरसकट शेरा मारण्याआधी ती चाळून पाहावीत. मूळ इंग्रजी खंड महाग असल्याने ते विकत घेणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. वाचनालयाने ते काढून टाकले, तर त्यांना ते वाचायला मिळणार नाहीत.

– एक वाचक, नाशिक