हायब्रिड सेडान सोलापुरात परवडते का? आधी रनिंग सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड दिलेल्या गाड्यांचं पान वाचलं, ॲव्हरेज दुप्पट आणि पैसे वसूल असं त्यात लिहिलंय. फोटो झकास होते, पण त्यातला सगळा हिशोब पुण्या-मुंबईच्या माणसाचा आणि पेपर वाचणारा सोलापूरचा, तिथं जरा गडबड झाली. मी एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघतो, त्यामुळे कुणी पैसे वसूल म्हणलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. त्यात सध्या आमच्या घरी नवीन सेडानचा विषय चालू आहे, पोरगं म्हणतंय अप्पा घ्यायची तर हायब्रिडच, मग म्हणलं आपल्या गावाच्या रस्त्यांवरचा हिशोब एकदा लिहूनच टाकू.

आधी एक घोळ मिटवतो. डिकीवर हायब्रिड लिहिलंय म्हणजे गाडी बॅटरीवर चालते असं काही नाही. २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ सेडानला एसएचव्हीएस नावाची हायब्रिड सिस्टीम आली, त्यातली मोटर इंजिनला नुसता हातभार लावायची, एकट्या मोटरवर गाडी जागची हलायची नाही. असल्या माइल्ड हायब्रिडची सबसिडी सरकारने २०१७ मध्ये काढून पण टाकली. सियाझ आता बंद झाली, पण सेकंड हँड बाजारात तीच गाडी अजून हायब्रिड आहे साहेब म्हणून चार पैसे जास्त लावून दाखवतात, जरा जपून. खरी, म्हणजे नुसत्या मोटरवर पण चालणारी स्ट्राँग हायब्रिड सेडान आपल्या आवाक्यात बघायला गेलं तर एकच, होंडा सिटी, २०२२ ला आली. दुसरी टोयोटा कॅमरी, ती अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात, ती घेणाऱ्याला ॲव्हरेज विचारायचं कशाला.

आता ॲव्हरेज. सिटी हायब्रिडचा कंपनीचा आकडा लिटरला २७ किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो खोटा नाही, पण तो टेस्टचा आकडा. हायब्रिडची खरी कमाई कुठं होते तर ट्रॅफिकमध्ये. हळू चालताना पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त तेल वाया घालवतं, तिथं ही इंजिन बंद ठेवून मोटरवर सरकते, आणि ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद परत बॅटरीत भरते. माझे साडू पुण्यात हडपसरला राहतात, त्यांच्याकडे हायब्रिड आहे, रोज मगरपट्ट्याच्या गर्दीतून जाऊन-येऊन त्यांना वीस-बावीसचं ॲव्हरेज पडतं, तिथं साधी पेट्रोल ऑटोमॅटिक अकरा-बाराच्या वर जात नाही. त्यांचे पैसे वसूल होणार, वादच नाही.

पण आपलं काय? जुळे सोलापूरहून नवी पेठेत जायचं म्हणजे पाच-सहा किलोमीटर, सात रस्ता चौकात थोडं थांबायचं आणि सणासुदीला मधल्या मारुतीच्या देवळापाशी गर्दी, तिथं तर आम्ही टू-व्हीलरच काढतो. सोलापुरात फॅमिली कार खरी पळते ती गावाबाहेर, कधी तुळजापूर, कधी अक्कलकोट, कधी पंढरपूर आणि महिन्या-दीड महिन्याला पुणे. पुण्याचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता बघा, मोहोळ टेंभुर्णी इंदापूर भिगवण, सगळा चार पदरी, टोल सोडला तर ब्रेकवर पाय ठेवायचं काम नाही. ब्रेकच नाही तर बॅटरी फुकटात भरणार कशाने? शंभरच्या आसपास स्पीड धरला की इंजिन क्लचने थेट चाकाला जोडलं जातं, म्हणजे बराचसा रस्ता तुम्ही पेट्रोलचीच गाडी चालवताय आणि वर बॅटरी आणि मोटरचं वजन घेऊन चाललाय. तरी हायब्रिड तिथं पण दोन-चार किलोमीटर जास्त देते हे कबूल, इंजिन मुळात काटकसरी आहे. पण पुरवणीत लिहिलंय तसं दुप्पट वगैरे काही नाही हो.

आकडे मांडू. आमच्यासारख्याचं रनिंग वर्षाला बारा हजार धरा. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला गाव आणि हायवे मिळून पंधरा, हायब्रिडला बावीस, म्हणजे मी हायब्रिडच्या बाजूनेच झुकून धरतोय. एकीला आठशे लिटर, दुसरीला साधारण साडेपाचशे. अडीचशे लिटर वाचलं, लिटरला एकशे पाच रुपये धरले तर सव्वीस हजार. आणि टॉपच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा हायब्रिडला एक्स-शोरूमच तीन-साडेतीन लाख जास्त मोजावे लागतात, त्या फरकावर आरटीओचा टॅक्स वेगळा, इन्शुरन्स वेगळा. साडेतीन लाखांचं नऊ टक्क्याने पहिल्या वर्षीचं व्याजच तीस हजारांच्या वर जातं की राव! म्हणजे पेट्रोलचे वाचलेले पैसे बँकेला देऊन वर खिशातले घालायचे. फरक भरून निघायला व्याज न धरता तेरा वर्षं लागतात, आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते.

बॅटरीचं म्हणाल तर लोकांना वाटतं इलेक्ट्रिक गाडीसारखी मोठी असेल. नाही. सिटी हायब्रिडच्या बॅटरीत आपल्या लाइट बिलातलं एक युनिटसुद्धा मावत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ ला टेकलेला असताना पार्क चौकात बायको खरेदीला उतरली आणि तुम्ही एसी लावून बसलात तर थोडा वेळ एकदम शांत गार वाटतं, मग बॅटरी उतरते आणि इंजिन आपलं आपण सुरू होतं, घाबरायचं कारण नाही, ते तसंच असतं. दुसरं एक, बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी गार ठेवायची हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून जाते. आमच्या एमआयडीसीत सुताची धूळ कशी उडते माहितीये ना, कारखान्यासमोर गाडी दिवसभर लावली तर वायपरच्या खाली पांढरा कापूस जमतो आणि दार उघडलं की आत पण येतोच. ती जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करायला लागणार, हे मला कुठल्या शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही.

आणि डिकी! साध्या सिटीची डिकी ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६, मधली जागा बॅटरीने खाल्ली. पुरवणीत हा विषय एका ओळीत गुंडाळलाय, पण सेडान आपण घेतो कशाला? साडू दिवाळीला आले की जाताना त्यांच्या गाडीत मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पोतं, चादरीचं बंडल, शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकरीची पाकिटं एवढं ठरलेलं असतं. गेल्या खेपेला पोतं आडवं बसेना, उभं केलं तर डिकी लागेना, शेवटी ज्वारी दोन पिशव्यांत भरून एक पिशवी मागच्या सीटवर मेहुणीच्या पायाशी ठेवली आणि ती भिगवणपर्यंत पाय वर घेऊन बसली.

सरकारचं पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन जीएसटी लागला, इलेक्ट्रिकला ५ टक्के, आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला थेट ४० टक्के, म्हणजे साध्या मोठ्या पेट्रोल गाडीला जेवढा तेवढाच. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला, आपल्याकडे सोलापूरचा एमएच-१३ नंबर लावताना असलं काही नाही. तेल वाचवणाऱ्याला कवडीची सवलत नाही आणि वर्तमानपत्रातून सांगायचं तेल वाचवा. किमतीतला हा फरक दीड-दोन लाखांवर आला तर माझं अर्धं पत्र मीच फाडून टाकीन.

मग कुणी घ्यावीच नाही का, तर तसंही नाही. डिझेल सेडानचा जमाना गेला, सिटी आणि व्हर्ना दोघींचं डिझेल २०२३ ला बंद झालं, त्यामुळे ज्याला रोज बार्शी, सांगोला, पंढरपूर करायला लागतं असा डॉक्टर किंवा कंपनीचा एरिया मॅनेजर, ज्याचं वर्षाचं रनिंग पंचवीस-तीस हजार आहे आणि एकदा भरलेल्या टाकीवर लांब जायचंय, सीएनजीच्या लायनीत उभं राहायला वेळ नाही, त्याने खुशाल घ्यावी, व्याज न धरता पाच-सहा वर्षांत फरक निघेल. शांत गाडी आणि गुळगुळीत पिकअप यासाठीच कुणाला पैसे मोजायचे असतील तर ती त्याची हौस, हौसेला मोल नसतं, पण मग तिला बचत म्हणून विकू नका.

पुढच्या पुरवणीत गाडीचं पान कराल तेव्हा एवढं करा, सोलापूर ते पुणे हायवेचं फुल टू फुल (टाकी भरून निघायचं, परत भरून मोजायचं) ॲव्हरेज, गावातलं वेगळं ॲव्हरेज आणि डिकीचे लिटर, हे तीन आकडे किमतीच्या शेजारीच छापा. पोराला मी हा हिशोबाचा कागद दाखवलाय, तो अजून हायब्रिडवरच अडून आहे, म्हणतो फरकाचे पैसे मी भरतो. म्हणलं भर, हप्ता तुझ्या खात्यातून लावू.

आपला,
एक जुना वाचक,
जुळे सोलापूर