शिफारसपत्रांबाबत सूचना
परदेशात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी), डेंटल किंवा फार्मसीसाठी अर्ज करणाऱ्या सभासदांनो, शिफारसपत्र मागायला जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबू नका. सर-मॅडमना किमान सहा आठवडे हवेतच. ओपीडी संपल्यावर प्रत्यक्ष भेटा. गुणपत्रक, बायोडेटा आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाचं एक पान सोबत न्या. माझ्या पानावर अक्कलकोटच्या लसीकरण शिबिराच्या चार ओळी होत्या, मॅडमनी अख्खं पत्र त्यावरच लिहिलं. डीनच्या सहीचा मोह नको, तुमचं काम पाहिलेल्यांचंच पत्र घ्या. अमेरिकेच्या अर्जात शिक्षक स्वतः पत्र अपलोड करतात. त्यासाठी त्यांना येणारा लिंकचा मेल कित्येकदा स्पॅममध्ये जातो, म्हणून त्यांना फोन करून खात्री करा. विनंतीचा मसुदा तपासून हवा असेल त्यांनी रविवारपर्यंत ग्रुपवर टाका, मी नक्की बघेन.